ट्यूडलीचं चर्च: बाहेरून साधं, आत निळं

तुम्ही विचारलंय, ‘मुलीकडे लंडनला आलोय, मोठमोठी कॅथीड्रल बघून झाली, आता खेड्यातलं एखादं जुनं चर्च बघायचंय, कुठलं बघू?’

ट्यूडलीचं ऑल सेंट्स. केंटमध्ये, टनब्रिज स्टेशनपासून साधारण चार किलोमीटरवर. वाडीच म्हणा, चार घरं आणि शेतं. चर्चची जागा फार जुनी, पण दिसतो तो अठराव्या शतकातला विटांचा मनोरा. बाहेरून बघून गाडी थांबवावी असं काही नाही. थांबवा मात्र नक्की.

जवळच्या सॉमरहिलमध्ये राहणारी सारा द’आविग्डॉर-गोल्डस्मिड १९६३ साली शिडाच्या होडीच्या अपघातात समुद्रात बुडाली. वय अवघं एकवीस. वडील ज्यू, आई अँग्लिकन. पॅरिसला प्रदर्शनात बघितलेल्या चित्रकार मार्क शागालच्या काचचित्रांवर साराचा भारी जीव होता, म्हणून आईवडिलांनी तिच्या आठवणीसाठी त्याच्याकडे एक खिडकी मागितली. तो १९६७ साली ती बसवल्यावर इथे आला, चर्च पाहिलं आणि म्हणाला, सगळ्याच करतो. सगळ्या म्हणजे बारा. शेवटच्या १९८५ साली बसल्या. त्याच वर्षी, सत्त्याण्णवाव्या वर्षी, तो गेला. त्या शेवटच्या खिडक्यांच्या जागी आधी व्हिक्टोरियन काचा होत्या आणि त्या काढायच्या की नाही यावर बरीच वर्षं गेली. त्याही फेकल्या नाहीत, आतल्या खोलीत मागून दिवा लावून ठेवल्यात. मला हे फार आवडलं.

वेदीमागची पूर्वेची खिडकी साराची. खाली निळ्या लाटांत ती आडवी तरंगतेय, शेजारी शोक करणारी माणसं, मग वर जाणारी शिडी, लाल घोडा आणि सगळ्यांच्या वर क्रुसावरचा येशू. वेदनेचा येशू मी पुष्कळ ठिकाणी पाहिला; इथला हात पसरून पोरीला घ्यायला उभा असल्यासारखा वाटतो.

मोठ्या कॅथीड्रलमध्ये काचा इतक्या उंच असतात की मान दुखते. इथे बाजूच्या खिडक्या जवळजवळ डोळ्यांच्या रेषेत आहेत. अगदी जवळ जा. निळ्या काचेवर ब्रशचे फटकारे आणि नखाने ओढावेत तसे बारीक ओरखडे दिसतील. काच फ्रान्समधल्या राँस शहरात, शार्ल मार्क या काच-कारागिराच्या कार्यशाळेत तयार व्हायची. त्यावरची रेघ शागालच्या हातची.

आईला घेऊन गेलो होतो तेव्हा आभाळ भरून आलं होतं. पाच मिनिटांत बघून होईल असं वाटलं आणि तेवढ्यात ऊन पडलं. दक्षिणेकडच्या पिवळ्या खिडक्यांतून उजेड समोरच्या बाकावरच्या प्रार्थनेच्या पुस्तकावर आला, सरकत सरकत खाली फरशीवर गेला. आई काही बोलली नाही, मांडीवरची पर्स तेवढी बाजूला ठेवली. आम्ही तासभर बसलो.

तेव्हा वेळ काढूनच जा. लग्न किंवा प्रार्थना नाही ना, एवढं आधी बघून घ्या.