कॉकटीलचे पंख छाटावेत का?

तुमचं कॉकटील, म्हणजे तुरेवाला छोटा पाळीव पोपट, पाच महिन्यांचं आहे, उडताना भिंतीवर आपटतं आणि दुकानदार पंख छाटायला सांगतो, म्हणून तुम्ही विचारताय. माझं मत: आत्ता छाटू नका.

आमचा चिकू दुकानातून आला तेव्हा त्याच्या एकाच बाजूची पिसं कापलेली होती. ‘एका बाजूची कापली की उडून जात नाही,’ असं आम्हाला सांगितलं होतं आणि आम्ही ते मानलं. एके दिवशी कुकरची शिट्टी झाली, चिकू दचकला आणि कपाटावरून झेपावला. तोल जाऊन गरगरत खाली आला तो थेट छातीवर, फरशीवर. छातीच्या हाडावरची कातडी फाटली, टाके घालावे लागले. पुढचे महिने तर आणखी जड गेले. कापलेलं पीस नखासारखं वाढत नाही. त्याचं थोटूक गळून पडेपर्यंत नवीन येत नाही. चिकूला पूर्ववत व्हायला जवळजवळ दहा महिने लागले. रोज सकाळी तो पंख फडफडवायचा आणि जागचा हलायचा नाही. ते बघवत नसे.

प्रत्येक पंखाच्या बाहेरच्या बाजूची दहा मोठी पिसं पक्ष्याला पुढे ढकलतात. दोन्हीकडची थोडी, सारखी कापली तर तो तिरका तरंगत खाली उतरतो. जास्त कापली की दगडासारखा पडतो. पण कॉकटील अंगाने इतकं हलकं असतं की थोडी पिसं कमी असूनही वाऱ्याच्या झोतात बाल्कनीतून समोरच्या इमारतीपर्यंत जाऊ शकतं. मग परत यायला बळ नाही आणि कावळे मागे लागलेले. ‘छाटलंय, आता दार उघडं चालेल’ या समजुतीने बरेच पक्षी हरवतात. शिवाय नव्याने फुटणाऱ्या पिसाच्या नळीत रक्त असतं. ते चुकून कापलं गेलं तर भळाभळा रक्त येतं.

पाच महिन्यांचं पिल्लू अजून वळायला आणि उतरायला शिकतंय, म्हणून आपटतं. सराव मिळू द्या. पिंजरा उघडण्याआधी छताचा पंखा बंद करा आणि बटणावर चिकटपट्टी लावा. आपल्याकडच्या घरांत सगळ्यात मोठा धोका तोच. खिडक्यांना जाळी लावा, आरशावर कापड टाका. स्वयंपाकघराचं दार लावून घ्या, कारण नॉनस्टिक तवा फार तापला तर त्याच्या वाफेने पक्षी मरतो. आणि हातावर यायला शिकवा: राळ्याचं कणीस दाखवून आधी वीतभर अंतरावरून, मग खुर्चीवरून, मग खोलीच्या दुसऱ्या टोकावरून. रोज दोनदा, दहा-दहा मिनिटं. चिकूला दीड महिना लागला.

घरात लहान मुलं असतील आणि दारं-पंखे सांभाळणं खरंच जमत नसेल, तर छाटण्याला माझा विरोध नाही. पण पिल्लू नीट उडायला शिकल्यावरच, पक्ष्यांच्या डॉक्टरकडून आणि दोन्ही बाजूंची मोजकीच पिसं. नवीन पिसं आली की पुन्हा छाटायचंच असं धरून चालू नका, तेव्हा घराकडे बघून नव्याने ठरवा.

हे वाचणाऱ्या कुणाकडे आपला हिरवा, लाल चोचीचा राघू असेल तर त्याचे पंख मुळीच छाटू नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार तो पाळताच येत नाही, आणि पिसं शाबूत असतील तरच तो पुन्हा थव्यात जाऊ शकेल. त्याला स्वतःहून सोडूनही देऊ नका. महाराष्ट्रात वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा.