शेती करणारा जैन अहिंसक कसा?

प्रश्न असा आहे: "नांगरटीत आणि फवारणीत लाखो जीव मरतात. मग शेती करणाऱ्या जैनांनी अहिंसेच्या गोष्टी कराव्यात का? आणि गांधींची अहिंसा जैनांकडूनच आली ना?"

दुसरं आधी उरकतो. काही प्रमाणात आली. 1888 साली विलायतेला निघताना दारू, मांस आणि परस्त्री यांना शिवणार नाही ही शपथ त्यांना बेचरजी स्वामी या जैन साधूंनी दिली. परत आल्यावर 1891 मध्ये मुंबईत श्रीमद राजचंद्र हे जैन तत्त्वचिंतक भेटले आणि पुढं आफ्रिकेतूनही गांधी त्यांना पत्रानं शंका विचारत राहिले. पण टॉलस्टॉय आहे, गीता आहे, आईचे उपवास आहेत. शिवाय 1928 मध्ये साबरमती आश्रमात तडफडणारं वासरू त्यांनी इंजेक्शन देऊन मारायला लावलं, तेव्हा गुजरातेतले अहिंसावादीच त्यांच्यावर तुटून पडले होते. कुणाकडून किती घेतलं याचा हिशेब ज्याला मांडायचा त्यानं मांडावा.

मला बोचला तो पहिला प्रश्न. कारण हाच प्रश्न आमच्या वडिलांना, आण्णांना, भर बस्तीत म्हणजे जैन मंदिरात विचारला गेला होता, आणि विचारणारा परका नव्हता.

आम्ही कोल्हापूरकडच्या शिरोळ तालुक्यातले. जैन म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर गादी, तराजू आणि गुजराती येतं. आमच्याकडं या, औत हाकणारा जैन बघा. भोजच्या पाटलांच्या घरातला शेतकरी पुढं दिगंबर जैन मुनी, आचार्य शांतिसागर झाला. रयत शिक्षण संस्था काढणारे कर्मवीर भाऊराव पाटील कुंभोजला जन्मले, तेही जैनच. शांतिसागर महाराजांबद्दल सांगतात की गृहस्थ असताना ते पिकावरची पाखरं हाकलत नसत, उलट त्यांच्यासाठी पाणी ठेवत. आमच्या आण्णांना एवढं जमलं नाही. ते पाखरं हाकायचे. पण टिटवीनं रानात अंडी घातली असली की तिथं काठी रोवून चिंधी बांधायचे आणि ट्रॅक्टरवाल्याला तेवढा तुकडा वळसा घालून जायला लावायचे. तो तासावर पैसे घेणारा माणूस, पण कुरकुर करायचा. ढेकळासारखी दिसणारी चार अंडी असतात, पायाखाली आली तरी कळत नाहीत.

मी बारावीत होतो त्या वर्षी उसाला हुमणी लागली. हुमणी काय करते ते ज्याच्या रानात लागली त्यालाच कळतं. श्रावणापर्यंत ऊस काळाभोर, मग एक बेट पिवळं पडतं, आठ दिवसांत शेजारचं. हातानं ओढलं तर अख्खं बेट अलगद हातात येतं, खाली मुळीच नाही. माती उकरली की पांढऱ्या, गुबगुबीत, इंग्रजी सी सारख्या वाकलेल्या अळ्या. तांबूस डोकं. एका बेटाखाली मी सात मोजल्या.

आणि नेमकं दशलक्षण पर्व लागलं, आम्हा दिगंबर जैनांचे व्रताचे दहा दिवस. भाद्रपद शुद्ध पंचमी ते चतुर्दशी. आण्णांचा नेम होता, या दहा दिवसांत रानात औषध घालायचं नाही. (विषाला आम्ही औषध म्हणतो. हाही एक गमतीचा भाग.) मी रोज सकाळी जाऊन किती बेटं पडली ते मोजायचो आणि जेवताना ताटावर सांगायचो. ते ऐकून घ्यायचे, बोलायचे नाहीत.

आत्याचे यजमान, म्हणजे आमचे मामा, तालुक्याच्या गावी कृषी सेवा केंद्र चालवायचे. बटाटा नाही, कांदा नाही, सूर्यास्तानंतर पाण्याचा घोटही नाही. पर्वाला ते आमच्याकडं मुक्कामाला होते. एका संध्याकाळी बस्तीत प्रवचन झालं आणि आण्णा सहज कुणाला तरी म्हणाले, यंदा नेमाची परीक्षा आहे. मामा सगळ्यांसमोर हसले. म्हणाले, "दाजी, नेम दहा दिवसांचा आणि मारायचं वर्षभर. शेती करणाऱ्यानं अहिंसेवर न बोललेलंच बरं."

आण्णांनी चपला घातल्या आणि घरी आले. बस्स.

आता तात्त्विक उत्तर, जे त्यांनी दिलं नाही. तत्त्वार्थसूत्र या जैनांच्या मूळ ग्रंथात हिंसेची व्याख्या आहे: प्रमत्तयोगात् प्राणव्यपरोपणं हिंसा. बेपर्वाईनं, रागद्वेषाच्या भरात प्राण घेणं. नुसता जीव गेला म्हणून भागत नाही, घेणाऱ्याच्या मनाची अवस्थाही बघतात. म्हणून चार प्रकार करतात. मारायच्या इराद्यानं केलेली ती संकल्पी. घरच्या चूल-झाडूत होणारी आरंभी. पोटाच्या धंद्यात होणारी उद्योगी. स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या रक्षणासाठी करावी लागणारी विरोधी. मुनीनं चारही सोडायच्या. श्रावकानं, म्हणजे घरसंसारातल्या जैनानं, पहिली सोडायचीच, बाकीच्या होतील तितक्या कमी करायच्या. आणि पहिले तीर्थंकर आदिनाथ यांनी लोकांना जी सहा कामं शिकवली, त्यांत असि (तलवार), मसि (शाई) यांच्या जोडीला कृषी आहे. तेव्हा शेतकरी धर्माबाहेर, हे म्हणणं निव्वळ अडाणीपणाचं आहे.

पण एवढ्यावर सुटका होत नाही, हे मलाही कळतं. नांगराच्या फाळाखाली गांडूळ तुटलं तर ते उद्योगी, ठीक. पण हुमणीसाठीच बाटली आणायची, हुमणीसाठीच बूच उघडायचं, ती मेली की नाही हे दुसऱ्या दिवशी उकरून बघायचं, हे कशात धरायचं? मी दोन पंडितांना विचारलं. एक म्हणाले पिकाचं रक्षण, म्हणून विरोधी. दुसरे बराच वेळ गप्प बसले. मला दुसरे जास्त आवडले.

अनंत चतुर्दशी गेली. क्षमावणीच्या, म्हणजे सगळ्यांची क्षमा मागायच्या दिवशी सकाळी आण्णा मला घेऊन रानात गेले. बांधावर उभं राहून हात जोडले आणि म्हणाले, खम्मामि सव्वजीवाणं, सव्वे जीवा खमंतु मे. मी सर्व जीवांना क्षमा करतो, सर्व जीव मला क्षमा करोत. मग पाठीवरच्या पंपाचं नोझल काढलं आणि बेटाबेटाच्या बुडात औषध ओतायला, म्हणजे आळवणीला सुरुवात केली.

मी चिडलो. म्हटलं, मारायच्या आधी माफी मागायची ही कुठली रीत? आणि मारायचंच होतं तर दहा दिवसांपूर्वी का नाही? ते पंप न थांबवता म्हणाले, "मारायचं नसतं तर माफी कशाला मागितली असती?"

एकरी 50 टनांच्या आसपास पडणारं ते रान त्या वर्षी 28 वर आलं. ते औषध मामांच्याच दुकानातून उधारीवर आणलं होतं.

हे लिहायला बसलो ते खरं याच्यासाठी. मामांचं म्हणणं, मी विकतो, मारत नाही. अहो, त्याच तत्त्वार्थसूत्रात पापाच्या वाटा मोजल्यात. ठरवणं, तयारी करणं, करणं हे तीन. मन, वचन, काया हे तीन. स्वतः केलेलं, दुसऱ्याकडून करवलेलं आणि दुसऱ्यानं केलेल्याला मान डोलावलेलं हे तीन. क्रोध, मान, माया, लोभ हे चार कषाय, म्हणजे मनाचे विकार. गुणाकार करा, 108 होतात. जपमाळेच्या 108 मण्यांचा हाही एक अर्थ लावतात. मामांच्या हातात माळ कायम असायची. करवलेलं कुठल्या मण्यात येतं ते त्यांना तेव्हा कुणी विचारलं नाही. श्रावकानं टाळायचे म्हणून पंधरा धंदे सांगितलेत, त्यांत विषवाणिज्य स्पष्ट नावानं आहे.

तेव्हा तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर: शेतकऱ्याला हिंसा दिसते, म्हणून त्याला बोलायचा हक्क जास्त आहे. ताटात भात घेऊन त्याला विचारणाऱ्याचा हक्क मला जरा कमी वाटतो. तांदळाच्या एका पोत्यामागं किती खोडकिडे मेले ते तुम्ही मोजलेत का?

आता थोडं माझ्याविरुद्धही सांगतो, नाहीतर कुणीतरी खाली येऊन सांगेलच. त्याच पंधरा धंद्यांच्या यादीत जमीन फोडण्याचा धंदाही आहे, आणि बरेच जण त्यात नांगरट धरतात. म्हणजे मामा आणि आण्णा एकाच यादीत, चार ओळी वरखाली. दुसरं, सगळे जैन शेतकरी आण्णांसारखे आहेत असं अजिबात नाही. आमच्याच भावकीत पाचट पेटवून मोकळे होणारे आहेत, त्या आगीत काय काय जळतं ते सांगायला नको. तिसरं, मी स्वतः आता शेणखतात मेटारायझियम बुरशी मिसळून टाकतो. लोक त्याला जैविक म्हणतात आणि मला बरं वाटतं. पण त्यानंही हुमणी मरतेच, आधी पांढरी आणि मग हिरवी होऊन. आण्णा असते तर त्यांनी यालाही बांधावर उभं राहून हात जोडले असते. मी जोडत नाही, घाई असते.

मामा आता थकलेत, दुकान मुलगा बघतो. गेल्या क्षमावणीला त्यांचा फोन आला. "वर्षभरात कळत-नकळत काही बोललो असेन तर उत्तम क्षमा." मीही तेच म्हणालो. फक्त वर्षभरातलं म्हणालो, त्याच्या मागचं दोघांनीही काढलं नाही.