इंडोनेशियात वेगळं धर्म मंत्रालय आहे म्हणतात. मग तिथले मदरसे त्याच्याकडे असतात का, आणि मदरशात शिकलेल्या मुलांचं पुढे काय होतं?

हो, तिथले मदरसे धर्म मंत्रालयाकडेच आहेत. पण आपल्याकडे ‘मदरसा’ म्हटलं की डोळ्यांसमोर जे येतं, ते बाजूला ठेवून पुढचं वाचा.

जकार्ताला लागून असलेल्या दक्षिण तांगेरांगमध्ये मी चार वर्षं राहिले. आमच्या घरमालकीणबाईंची धाकटी लेक सरकारी मदरशात अकरावीला होती, विज्ञान शाखेत. सकाळी कुराणपठण, मग भौतिकशास्त्र, गणित, मधे कधी फिक्ह (इस्लामी धर्मनियमांचा विषय), कधी अरबी, आणि संध्याकाळी जीवशास्त्राच्या जर्नलमधल्या आकृत्या. विद्यापीठाची प्रवेश परीक्षा शेजारच्या सरकारी शाळेतल्या मुलांची जी, तीच तिची.

मंत्रालयाचं नाव ‘कमन्तेरियान आगामा’. त्यातला ‘मन्तेरी’ म्हणजे आपला मंत्री आणि ‘आगामा’ म्हणजे आपला आगम, तिकडे त्याचा अर्थ धर्म. स्थापना ३ जानेवारी १९४६ची. त्याआधी ऑगस्ट १९४५मध्ये राज्यघटनेच्या मसुद्यातून ‘मुसलमानांनी शरियत पाळावी’ अशा अर्थाचे शब्द ऐनवेळी काढले गेले होते. देशाच्या पूर्व भागातल्या ख्रिस्ती लोकांना ते मान्य नव्हते. इस्लामी नेते दुखावले. काही महिन्यांनी आलेलं हे मंत्रालय त्या दुखावलेपणावरचा तोडगा होता, असं अनेक अभ्यासक मानतात. मला ते पटतं. इस्लामी राज्यही नाही आणि धर्मापासून फटकून असलेलं राज्यही नाही, ही तिथली मधली वाट या मंत्रालयात दिसते.

शिक्षणाचा खरा पेच सत्तरच्या दशकात आला. १९७२ साली राष्ट्राध्यक्ष सुहार्तोंनी सगळं शिक्षण शिक्षण मंत्रालयाखाली आणायचा आदेश काढला. आपले मदरसे जाणार म्हणून मुस्लीम संघटनांनी जोरदार विरोध केला. तेव्हा धर्ममंत्री होते मुक्ती अली, कराची आणि मॉन्ट्रियलला शिकलेले. १९७५मध्ये धर्म, शिक्षण आणि गृह अशा तीन मंत्र्यांच्या सह्यांनी संयुक्त निर्णय निघाला: मदरसे धर्म मंत्रालयाकडेच राहतील, मात्र साधारण ७० टक्के अभ्यासक्रम सर्वसाधारण विषयांचा असेल. बदल्यात मदरशाचं प्रमाणपत्र शाळेच्या प्रमाणपत्राच्या बरोबरीचं. मूल मदरशातून शाळेत जाऊ शकेल, तिथून थेट सर्वसाधारण विद्यापीठातही.

या अदलाबदलीबद्दल मला मनापासून आदर आहे. २०१५ साली महाराष्ट्रात इंग्रजी, गणित, विज्ञान, समाजशास्त्र न शिकवणाऱ्या मदरशांतली मुलं शाळाबाह्य मानायचं ठरलं, तेव्हा केवढा गदारोळ झाला होता! विषय शिकवा ही मागणी दोन्हीकडे सारखीच. पण इंडोनेशियाने मागणीसोबत हातात काहीतरी ठेवलं. आज सर्पोंगचं ‘इन्सान चन्दकिया’ हे सरकारी मदरसा-विद्यालय विद्यापीठ प्रवेशाच्या गुणांमध्ये देशातल्या अव्वल संस्थांत असतं, आणि ते याच मंत्रालयाचं आहे.

मंत्रालय फक्त मुसलमानांचं आहे, हा समज मात्र चुकीचा. त्यात ख्रिस्ती, हिंदू, बौद्ध यांचे वेगळे विभाग आहेत; बालीतल्या देनपासारचं सरकारी हिंदू विद्यापीठही त्याच्याच अखत्यारीत येतं. पण इथेच मला या व्यवस्थेची भीतीही वाटते. कोणता धर्म ‘धर्म’ म्हणून मोजायचा, ते सरकार ठरवतं. बालीच्या हिंदूंना पन्नाशीच्या दशकात आपण एकाच ईश्वराला मानतो हे पटवून द्यावं लागलं, तेव्हा कुठे मंत्रालयात जागा मिळाली. कन्फ्यूशियन (चिनी विचारवंत कन्फ्यूशियसची शिकवण मानणाऱ्या) लोकांची मान्यता सुहार्तोंच्या काळात गेली, ती २००० सालानंतर परत आली. हज यात्रेचा कारभारही याच मंत्रालयाकडे होता; हजच्या पैशांच्या गैरव्यवहारात दोन माजी धर्ममंत्री तुरुंगात गेले. आता २०२५पासून हजसाठी निराळं मंत्रालय झालं आहे.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. मदरशाच्या पाटीवर ‘नगेरी’ लिहिलं असेल तर तो सरकारी, ‘स्वास्ता’ असेल तर खाजगी. बहुसंख्य मदरसे खाजगी आहेत, आणि १९७५ची बरोबरी तिथवर कागदावर पोचली तरी पगारात पोचलेली नाही. घरमालकीणबाईंचे थोरले भाऊ पश्चिम जावातल्या गारुतजवळच्या अशाच एका मदरशात गणित शिकवतात. मानधनावर घर चालत नाही. त्यामुळे दुपारी शाळा सुटली की ते भाताच्या खाचरात उतरतात. मी गेले होते तेव्हा दहावीची दोन मुलं बांधावर वही घेऊन बसली होती, अडलेली गणितं विचारायला. चिखलातल्या हातांनी वहीला डाग पडू नये म्हणून ते तोंडानेच एकेक पायरी सांगत होते.