अहवालात फरक २ मिलिमीटर, तरी वळताना गुडघा का निसटतो?

आपली मुलगी धाराशिवला खो-खो खेळते, वर्षभरापूर्वी तिच्या एसीएल लिगामेंटची (गुडघ्यात मांडीचे हाड आणि नडगी यांना जोडणाऱ्या बंधाची) शस्त्रक्रिया झाली आणि आता गुडघ्याचा सैलपणा मोजणाऱ्या केटी-१००० यंत्रावर दोन्ही गुडघ्यांतला फरक फक्त २ मिलिमीटर आला आहे. तरीही खांबाला वळसा घालताना गुडघा सटकल्यासारखा वाटतो, मग खरे कोणाचे मानायचे, असे आपण विचारले आहे. लातूरला फिजिओथेरपिस्ट म्हणून मी असे अनेक खेळाडू तपासले आहेत, आणि माझ्या मते यंत्रही खरे सांगत आहे व मुलगीही.

हे यंत्र मोजते ते फक्त नडगीचे हाड मांडीच्या हाडाखालून किती पुढे सरकते एवढेच. रुग्णाला उताणे झोपवून मांडीखाली आधार देतात, म्हणजे गुडघा साधारण २५ अंशांत वाकलेला राहतो. एक गादी वाटीवर आणि दुसरी नडगीच्या वरच्या उंचवट्यावर टेकवून मूठ ओढली की ६७, ८९ आणि १३४ न्यूटन बलाला यंत्र आवाज देते व तबकडीवर सरकणे मिलिमीटरमध्ये दिसते. दोन्ही बाजूंतला फरक ३ मिलिमीटरच्या आत असेल तर तो सामान्य धरतात. मात्र वाटीवरची गादी नीट दाबून धरली नाही, पाऊल आत-बाहेर वळले किंवा दुखण्याच्या धास्तीने मुलीने मांडीचे मागचे स्नायू आवळून धरले, तर आकडा बदलतो. स्नायू आवळलेले असतील तर सैल गुडघाही घट्ट भासतो. म्हणून ही तपासणी कोणी केली आणि किती वेळा ओढून पाहिले, हे जरूर विचारावे.

खांबाशी जे घडते ते वेगळे आहे. पाय रोवून शरीर फिरते तेव्हा नडगी पुढे सरकते आणि त्याच वेळी आतल्या बाजूला वळते. हे वळणे रोखण्यात एसीएलबरोबर गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूच्या बंधांचा आणि मेनिस्कसचाही (दोन हाडांमधल्या कूर्चेच्या चकतीचाही) वाटा असतो. बाहेरच्या मेनिस्कसचे मागचे मूळ (हाडाला जोडलेले टोक) फाटलेले राहिले असेल, शस्त्रक्रियेत बसवलेले नवे लिगामेंट फार उभे बसले असेल किंवा मुलीचे सगळेच सांधे मुळात लवचिक असतील, तर पुढे-मागे घट्ट असलेला गुडघाही वळताना दगा देतो.

हे तपासण्याची जुनी आणि आजही सर्वांत उपयोगाची पद्धत म्हणजे पिव्हट शिफ्ट चाचणी. पाय सरळ धरून, नडगी आत वळवून, बाहेरून दाब देत गुडघा हळूहळू वाकवला की पुढे सरकलेले हाड सुमारे ३० अंशांच्या आसपास झटक्याने जागेवर येते. त्या झटक्याची प्रत हाताने ठरवतात, आणि ती तपासणाऱ्यागणिक बदलते. म्हणूनच नडगीवर त्वरणमापक संवेदक (वेग किती झपाट्याने बदलतो हे टिपणारा सेन्सर) बांधून तो झटका मोजण्याची साधने आली. पाऊल बुटात अडकवून ठरावीक बलाने फिरवणारी आणि कोन दाखवणारी यंत्रेही आहेत, पण त्या कोनात घोट्याचे व कातडीखालच्या मऊ भागाचे हलणेही मिसळते. माणसामाणसांत हा कोन इतका वेगळा असतो की एकट्या गुडघ्याच्या आकड्यावरून काहीच ठरवू नये; निरोगी गुडघ्याशी तुलना हवीच. जागेपणी रुग्ण नकळत प्रतिकार करतो, त्यामुळे भूल दिलेली असताना केलेली चाचणी अधिक भरवशाची ठरते.

अशी साधने प्रत्येक गावी नसतात आणि त्यांच्यासाठी लगेच मुंबई-पुण्याला धावण्याची गरज मला वाटत नाही. आधी शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांना "वळताना निसटतो" हे नेमके शब्द सांगा, दोन्ही पायांची पिव्हट शिफ्ट चाचणी करायला सांगा, आणि एमआरआय पाहताना मेनिस्कसची मुळे व नव्या लिगामेंटची जागा तपासायची विनंती करा. चाचणीत फरक दिसेल त्यानुसार पुढचे ठरेल. तोवर सरळ धावणे आणि मांडीच्या स्नायूंचे व्यायाम त्रास होत नसेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने चालू ठेवता येतील, पण खांबाला वळसा घालणे आणि अचानक दिशा बदलणे पूर्ण थांबवा, कारण प्रत्येक निसटण्यागणिक मेनिस्कस आणि कूर्चा यांना नवी इजा होऊ शकते.