आता विडी सोडून काय उपयोग?

प्रश्न : सासऱ्यांना घशाचा कर्करोग आहे. मिरजेला लाईट (किरणोपचार) चालू आहे. गाडीतून उतरले की पहिली विडी. बोललं तर म्हणतात, "व्हायचं ते झालं, आता सोडून काय उपयोग?"
– एक वाचक, निपाणी

उत्तर : उपयोग आहे, ताई, आणि तो याच महिन्यात आहे. लाईट कर्करोगाच्या पेशी मारते ती प्राणवायूच्या साथीने. विडीच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो. म्हणजे मिरजेला खेपा घालायच्या आणि दारातच लाईटचा जोर कमी करायचा. विडी सिगारेटपेक्षा सौम्य, हाही समजच. तिला फिल्टर नाही, टेंभुर्णीच्या पानातून हवा शिरत नाही, विझू नये म्हणून झुरके मात्र भराभर.

शिवाय तोंड येणं, कोरड पडणं, चव जाणं, गिळताना आग होणं हे सगळं ओढणाऱ्यांना जास्त होतं आणि लांबतं. जेवण सुटलं की वजन उतरतं, मग लाईट मध्येच थांबवण्याची पाळी येते. म्हणून सासऱ्यांना मरणाची भीती घालू नका. "सोडलीत तर घासभर आंबील सुखानं उतरेल" असं सांगा.

आकडा हवाच असेल तर फुप्फुसाच्या कर्करोगाचा एक आहे. मॉस्कोतल्या सुरुवातीच्या टप्प्यातील ५१७ रुग्णांचा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. निदानानंतर सिगारेट सोडलेल्यांचं पुढचं मध्यक आयुष्य (निम्मे रुग्ण त्याहून जास्त जगले) ६.६ वर्षं निघालं, न सोडलेल्यांचं ४.८.

आणि एक. निपाणीत कित्येक घरांच्या चुली तंबाखूवर पेटल्या. तिथल्या म्हाताऱ्याला "घाणेरडी सवय" म्हणून हिणवणं मला पटत नाही.

प्रश्न : मला फुप्फुसाचा कर्करोग आहे. छातीत कळ आली की सिगारेट ओढतो, बरं वाटतं. मग वाईट कसं?
– खानापूर

उत्तर : बरं वाटतं हे खरं आहे. निकोटीन थोडा वेळ वेदना बोथट करतं. पण अंमल उतरला की तलफ, चिडचिड, झोपमोड, आणि त्यात तीच कळ दुप्पट वाटते. दुखतं म्हणून ओढायची, ओढून परत दुखायचं. सिगारेट चालू ठेवणारे रुग्ण जास्त वेदना, जास्त धाप आणि जास्त थकवा सांगतात, असं बऱ्याच पाहण्यांत आढळलं आहे.

दुखणं सोसायचं नाही. डॉक्टरांकडे वेदनेचं औषध मागा. गरज पडली तर मॉर्फिनही देतात, त्याला घाबरू नका. तलफेसाठी निकोटीनची पट्टी किंवा च्युइंगम मिळतं. तोंड आलं असेल तर च्युइंगम झोंबेल, पट्टीबद्दल विचारा. १८००-११-२३५६ या मोफत सरकारी क्रमांकावर सोडण्यासाठी सल्लाही मिळतो. चौथ्या दिवशी पुन्हा ओढलीत तर पाचव्या दिवशी पुन्हा सोडा.

प्रश्न : नवऱ्याने डॉक्टरांना "सोडली" असं सांगितलंय. अजून चोरून ओढतात. मी सांगू का?
– बेळगाव

उत्तर : त्यांनीच सांगायला लावा, पण लपवू नका. भूल देताना आणि जखम भरताना हे कळणं गरजेचं असतं. औषधांचंही तेच. एर्लोटिनिब ही फुप्फुसाच्या कर्करोगावरची गोळी घेताना सिगारेट चालू असेल, तर यकृत ती इतक्या झपाट्याने निकामी करतं की रक्तातलं प्रमाण निम्म्याहून खाली जातं. गोळी महागाची, आणि रक्तात उरते अर्ध्याहून कमी.

प्रश्न : वडिलांचा आजार शेवटच्या टप्प्यात आहे. घरी ऑक्सिजन लावलाय. दिवसातून एक विडी मागतात. द्यावी का?
– चिक्कोडी

उत्तर : थोडेच दिवस उरले असतील तर एका विडीवरून बापलेकांनी भांडू नये, असं माझं मत. मात्र ऑक्सिजन असलेल्या खोलीत काडी ओढायची नाही, कुणीच नाही, देवापुढची निरांजनसुद्धा दुसऱ्या खोलीत. मशीन बंद केलं तरी कपड्यांत नि अंथरुणात प्राणवायू मुरलेला असतो. डॉक्टरांनी काही वेळ नळी काढायला हरकत नाही असं सांगितलं असेल, तरच ती काढा, चांगला अर्धा तास जाऊ द्या, चादर बदला, आणि मग त्यांना धरून अंगणात न्या.