रिकामा पिकअप बर्फात मागून घसरतो. हौद्यात वजन टाकू, टायर बदलू की फोर-व्हील ड्राइव्ह घेऊ?

तुमचा प्रश्न वाचला आणि मला अमेरिकेत मिनेसोटा राज्यातल्या डलूथ शहरातला माझा पहिला डिसेंबर आठवला. तुम्ही नुकतेच मिनेसोटात आलात, जुना टू-व्हील ड्राइव्ह (फक्त मागची दोन चाकं ओढणारा) पिकअप घेतलात, आणि आता लेक सुपीरियर या तळ्याकडून वर येणाऱ्या चढावर सिग्नलला थांबलं की मागची चाकं जागच्या जागी गरगरतात. ऑफिसात कुणी म्हणतं मागे वाळू टाका, कुणी म्हणतं ही गाडी विका. मी सांगेन की आधी टायर बदला, मग वजन टाका, आणि गाडी एवढ्यात विकू नका.

पिकअप बनवलाय माल वाहायला. इंजिन, गिअरबॉक्स, केबिन सगळं पुढे आणि मागे नुसता पत्र्याचा हौदा. आमच्या घरी नारायणगावला टोमॅटोसाठी पिकअप होता. वडील वाशीला माल उतरवून माळशेज घाटातून रिकामे परत यायचे. पावसाळ्यात भरलेली गाडी घाटात गप चालायची, रिकामी मात्र वळणावर मागून नाचायची. म्हणून ते येताना जास्त हळू यायचे. लहानपणी मला हे उलटंच वाटायचं. माल नाही तर भीती कसली? इथे पहिल्याच बर्फात कळलं कसली ते.

आता जरा हिशोब करू, कारण वाळूच्या पिशव्यांबद्दल लोक फार मोठ्या आशा लावून बसतात. समजा तुमचा रिकामा पिकअप २१०० किलोचा आहे. त्यातलं साधारण ५८ टक्के वजन पुढच्या चाकांवर, म्हणजे मागे उरले ८८० किलो. ओढणारी चाकं तीच. इथल्या दुकानांत हिवाळ्यात लांबट नळीसारख्या पिशव्यांतून वाळू मिळते, 'ट्यूब सँड' म्हणतात, एक पिशवी ६० पौंडांची, म्हणजे २७ किलो. अशा पाच पिशव्या बरोबर मागच्या अ‍ॅक्सलवर ठेवल्या तर मागचं वजन हजाराच्या थोडं वर जातं. पण गाडीचं एकूण वजनही वाढलंच की! मागचा वाटा ४२ टक्क्यांवरून जेमतेम साडेपंचेचाळीसवर येतो. चढाच्या भाषेत सांगायचं तर, दाबून घट्ट झालेल्या बर्फावर जी गाडी ८ टक्के चढ (म्हणजे शंभर फुटांत आठ फूट वर) कशीबशी चढत होती ती पावणेनऊ टक्के चढेल. फरक पडतो, नाही असं नाही, पण डलूथचे चढ त्याहून कितीतरी उभे आहेत. टायर बदलून पकड दीडपट झाली तर तीच गाडी १२ टक्के चढेल, आणि वर वाळू टाकली तर १३. हे सगळे ढोबळ आकडे आहेत, पण पैसे आधी कुठे घालायचे ते त्यावरून कळतं.

साध्या टायरचं रबर ७ अंश सेल्सिअसच्या खाली कडक व्हायला लागतं. उणे २० ला हात लावून बघा, प्लास्टिकच्या बादलीसारखं लागतं. हिवाळी टायरचं रबर थंडीतही मऊ राहतं आणि त्याच्या प्रत्येक ठोकळ्यावर ब्लेडने मारल्यासारख्या बारीक चिरा असतात, त्या बर्फाला धरतात. घेताना टायरच्या बाजूला तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण ही खूण पाहा. नुसतं 'एम प्लस एस' (मड अँड स्नो, चिखल आणि बर्फ) लिहिलेलं पुरत नाही, ते फक्त नक्षीबद्दल सांगतं. आणि ही डोंगराची खूणसुद्धा दाबलेल्या बर्फावर वेग घेण्याच्या चाचणीवर मिळते, काचेसारख्या बर्फावर थांबण्याच्या नाही. म्हणून खूण असलेला ऑल-टेरेन (कच्च्या-पक्क्या सगळ्या रस्त्यांसाठीचा) आणि खरा हिवाळी टायर यांत मी दुसरा घेईन. ऑल-टेरेनचे मोठाले ठोकळे दिसायला दणकट, खोल बर्फात चालतातही चांगले, पण चौकातल्या चकचकीत बर्फावर त्यांची सगळी ऐट उतरते.

घ्यायचे ते चारही घ्या. पैसे वाचवायला फक्त मागे दोन टाकणारे लोक मी पाहिलेत. गाडी निघते झकास, पण वळवायचं आणि बरंचसं थांबवायचं काम पुढची चाकं करतात, आणि ती तशीच निसरडी राहतात. जरा अरुंद मापाचा टायर मिळत असेल तर घ्या, भुसभुशीत बर्फ कापून खाली जातो. कायद्याने टायरच्या नक्षीची खाच २/३२ इंचापर्यंत चालते, पण बर्फासाठी ६/३२ च्या खाली गेली की टायर गोटा झाला असंच धरून चाला. खिळ्यांच्या टायरचा विचार सोडा, मिनेसोटात राहणाऱ्यांना त्याची परवानगी नाही. आणि हवा! तापमान दर १० फॅरनहाइटने उतरलं की टायरमधली हवा साधारण १ पीएसआयने उतरते. सप्टेंबरात भरलेली जानेवारीत सात-आठने कमी भरेल. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर आकडा असतो, तेवढी ठेवा. हवा कमी केली की पकड वाढते हे वाळूत खरं, इथल्या रस्त्यावर नाही.

आता वजन, आणि इथे माझी फजिती सांगतो. पहिल्या वर्षी मी सहा पिशव्या आणल्या आणि फाळका उघडून अगदी कडेलाच टाकल्या, आत सरकवायचा कंटाळा. आपल्याकडे बैलगाडीत माल मागे जास्त झाला की गाडी उलाळ होते, जू वर उचललं जातं. तेच झालं. अ‍ॅक्सलच्या मागे टाकलेलं वजन पुढचं वजन उचलतं. माझ्या बाबतीत ते पन्नासेक किलोच असेल, पण दुसरी गोष्ट जास्त वाईट: एकदा मागची बाजू सुटली की टोकावरचं ते वजन लोलकासारखं तिला आणखी फिरवतं. सुपीरियर स्ट्रीटकडे उतरताना मी डावीकडे स्टिअरिंग फिरवलं, गाडी क्षणभर सरळच गेली, मग मागून गोल फिरली आणि रस्त्यावरचं बर्फ बाजूला ढकलणाऱ्या नांगराच्या गाडीने रचलेल्या ढिगात बाजूने जाऊन बसली. लागलं कुणाला नाही. वेगही माझाच जास्त होता, हे कबूल.

तेव्हा पिशव्या ठेवायच्या हौद्यातल्या चाकांवरच्या दोन फुगवट्यांच्या मध्ये, आडव्या, आणि पुढे-मागे लाकडी फळी अडकवून बांधायच्या. चार-सहा पुरेत. वजनाची मर्यादाही दाराच्याच स्टिकरवर असते, तीत माणसंही मोजायची. सिमेंटचे ठोकळे सुटे ठेवू नका. जोरात ब्रेक लागला तर ते तुमच्या पाठीमागच्या काचेकडे येणार. हौद्यात साचलेलं बर्फ फुकटचं वजन म्हणून राहू देणारेही असतात. ते घसरतं, वितळतं, पुन्हा गोठतं आणि भलत्याच ठिकाणी जमतं. झाडून टाका. एक पिशवी मात्र केबिनमध्ये कोरडी ठेवा, कारण ओली वाळू गोठली की तिचा दगड होतो, आणि गाडी रुतल्यावर चाकाखाली टाकायला दगड काय कामाचा? मांजराच्या शी-शूसाठी मिळणारी माती वापरा असं कुणीतरी सांगेलच. ती भिजली की चिखल होतो. वाळूच बरी.

रुतलातच तर एक काम सगळ्यात आधी: सायलेन्सरच्या नळीभोवतीचं बर्फ काढा. ती बुजली आणि इंजिन चालू राहिलं तर कार्बन मोनॉक्साइड केबिनमध्ये येऊ शकतो. मग चाकांपुढचं खोदा, ट्रॅक्शन कंट्रोल (चाक गरगरू न देणारी यंत्रणा) बंद करा, नाहीतर चाक जरा फिरलं की तो इंजिनची ताकदच कापतो, आणि हलक्या पायाने पुढे-मागे झुलवत बाहेर काढा. गरगर फिरवलं की खालचं बर्फ वितळून गुळगुळीत होतं आणि तुम्ही आणखी खाली जाता.

फोर-व्हील ड्राइव्ह निघायला मदत करतो, थांबायला अजिबात नाही. ब्रेक तर सगळ्याच गाड्यांना चारही चाकांना असतात. हिवाळ्यात हायवेच्या कडेला खड्ड्यात उतरलेल्या गाड्या पाहा, त्यांत फोर-व्हीलवाले कमी नसतात. चाक फिरलं नाही म्हणून त्यांना रस्ता किती निसरडा आहे ते कळलेलंच नसतं. शिवाय पिकअपमध्ये बहुधा पार्ट-टाइम, म्हणजे लागेल तेव्हाच लावायचा फोर-व्हील येतो, तो कोरड्या रस्त्यावर लावून चालवला तर पुढचा-मागचा अ‍ॅक्सल एकमेकांशी भांडतात. तुमचं घर उभ्या चढावर असेल आणि नांगर येण्याआधी पहाटे निघावं लागत असेल तर मात्र पुढची गाडी फोर-व्हील घ्या, मी अडवणार नाही. मागे लॉकिंग डिफरन्शियल (मागची दोन्ही चाकं एकत्र फिरवणारी सोय) असेल तर ते रुतल्यावर वापरा, उतारावर नको. दोन्ही चाकं एकदम सुटली की मागची बाजू आडवी जाते.

चालवताना सगळ्यात फसवं तापमान शून्याच्या आसपासचं. बर्फावर पाण्याचा पातळ थर असतो. उणे २० ला तोच बर्फ बराच खरखरीत लागतो, पण तेव्हा मीठ काम करत नाही. साधं मीठ उणे ९ च्या खाली जवळपास निकामीच. शेजारच्या विस्कॉन्सिन राज्याकडे जाणाऱ्या बाँग पुलावर विशेष जपा, पुलाला खालूनही वारा लागतो, तो आधी गोठतो. क्रूझ कंट्रोल (वेग आपोआप धरून ठेवणारी सोय) नको. उतारावर एकदम खालचा गिअर टाकू नका, रिकाम्या पिकअपची मागची चाकं तेवढ्यानेच सुटतात. घसरलात तर अ‍ॅक्सिलरेटर सोडा, जिकडे जायचंय तिकडे बघा आणि स्टिअरिंगही तिकडेच. ब्रेक दाबल्यावर पायाखाली खडखड झालं तर ते एबीएस (चाकं जाम होऊ न देणारी ब्रेकची यंत्रणा) आहे, पाय उचलू नका. पहिला बर्फ पडला की एखाद्या रिकाम्या पार्किंगमध्ये जाऊन २० किलोमीटरच्या वेगाने हे मुद्दाम करून पाहा, दिव्याचे खांब नसलेल्या.

टायर आत्ताच सांगून ठेवा. वाळूही नोव्हेंबरातच आणा, पहिल्या मोठ्या वादळानंतर दुकानाबाहेरचं पॅलेट रिकामं असतं. २०२२-२३ च्या हिवाळ्यात इथे १४० इंच बर्फ पडला, तेव्हा मी शेजाऱ्याकडून दोन पिशव्या उसन्या आणल्या होत्या. त्या अजून परत करायच्या आहेत.