"छान आहे" म्हणतात, पण वापरत नाहीत

प्रश्न : आम्ही चौघं लातूरमध्ये शेतमालाच्या आडत दुकानांसाठी हिशोबपट्टीचं (विकलेल्या मालाचे पैसे आणि कपात मांडून शेतकऱ्याला देतात त्या कागदाचं) ॲप करतो. २०० दुकानांनी ते घेतलं, पण बरेच जण पट्टी अर्धवट सोडतात. व्हॉट्सॲपवर फॉर्म पाठवला तर ६० उत्तरं आली, बहुतेक "छान आहे" अशी. आता मोठा सर्व्हे घ्यावा, की दोन डिझाइन अर्ध्या-अर्ध्या दुकानांना देऊन बघावीत?

उत्तर : आत्ता दोन्ही नको. सर्व्हेतून "किती जण" ते कळतं, तुमचा प्रश्न "का" असा आहे. २०० पैकी ६० उत्तरांत ±११ टक्क्यांची चूक धरावी लागते, तीही दुकानं चिठ्ठ्या टाकून निवडली असती तर. इथे ज्यांना वाटलं त्यांनी लिहिलं. सोडून गेलेले गप्पच राहिले. दोन डिझाइनचं म्हणाल, तर पट्टी पूर्ण होण्याचं प्रमाण ५० वरून ६० टक्क्यांवर गेलं हे खात्रीनं कळायला प्रत्येक गटात जवळपास ४०० दुकानं लागतात. तुमच्याकडे एकूणच २००.

आधी लॉग, म्हणजे ॲपच्या वापराची आपोआप होणारी नोंद, काढा : कोणत्या स्क्रीनवरून लोक बाहेर पडतात? समजा, कपातीच्या रकान्यांवरून. मग सौदा आटोपल्यावर, पट्ट्या लिहायच्या वेळी तीन-चार दुकानांत बसा आणि नुसतं बघा. मुनीम हमाली, तोलाई, उचल कोणत्या क्रमानं वहीत मांडतो? बेरीज कॅल्क्युलेटरवर करून मग ॲपमध्ये भरतो का? मधेच फोन आला आणि परत येईपर्यंत भरलेले आकडे गेले, तर तो दुसऱ्यांदा भरणार नाही. अशा गोष्टी फॉर्मवर कुणी लिहीत नाही.

त्यानंतर चाचणी. पाच मुनीम, पाच मालक, दोन्ही गट वेगळे. मालक शेजारी असला की मुनीम तक्रार करत नाही, म्हणून त्याला एकट्याला गाठा. फोन त्याचाच हवा. काम त्याच्या भाषेत सांगा : "सोयाबीनचे १२ कट्टे आले, शेतकऱ्यानं ५,००० उचल घेतली आहे, पट्टी करा." "कपात बटण दाबा" म्हणालात की चाचणी तिथेच संपली. तो अडला तर लगेच मदत करू नका; "आता काय शोधताय?" एवढंच विचारा. गप्प बसणं हेच यातलं सगळ्यात अवघड काम.

पाचच का? ॲप-सॉफ्टवेअर वापरायला किती सोपं आहे याचा अभ्यास करणारे नील्सन आणि लँडॉवर यांच्या १९९३च्या हिशोबानुसार एखादी अडचण सरासरी ३१ टक्के लोकांना येत असेल, तर पाच जणांत ती दिसण्याची शक्यता सुमारे ८५ टक्के. पण दहातल्या एकालाच येणारी अडचण पाच जणांत दिसण्याची शक्यता जेमतेम ४१ टक्के. म्हणून एकाच गटातल्या दहा जणांना एकदम बसवण्यापेक्षा पाचांनंतर दुरुस्ती करा, मग नवे पाच घ्या.

सर्व्हे शेवटी, नेमकी कोणती अडचण मोजायची हे कळल्यावर. यादीतून चिठ्ठ्या टाकून १३२ दुकानं निवडा आणि लिंक न पाठवता फोन करा. सगळ्यांनी उत्तर दिलं तर चूक ±५ टक्क्यांच्या आसपास येते. "ॲप कसं वाटलं?" विचारू नका. "कालची शेवटची पट्टी कशावर केली, वहीवर की ॲपवर?" असं विचारा.